तिकीट काढलंच नाही, मग २५ लाखांची लॉटरी लागली कशी? लॉटरीचा सगळा हिशोब समजून घ्या

मी कात्रजला राहते. आमच्या सोसायटीतले एक काका गेली कित्येक वर्षं चौकात बस पकडायला गेले की वाटेतल्या स्टॉलवरून राज्य लॉटरीचं एक तिकीट घेतात. फार नाही, एकच. दोरीला चिमट्याने लावलेल्या तिकिटांतून एक निवडायचं, घडी न घालता पाकिटात ठेवायचं, आणि निकालाच्या दिवशी चष्मा लावून बसायचं.

मागच्या महिन्यात ते सकाळी सकाळी दारात उभे. हातात मोबाईल.

“अगं, हे जरा बघ. लागली वाटतं.”

व्हॉट्सॲपवर एक फोटो होता. टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध कार्यक्रमाचं नाव, नोटांची चित्रं, कसलातरी गोल शिक्का आणि खाली ‘२५,००,०००’. सोबत एक व्हॉइस नोट. त्यातला माणूस इतक्या आदराने बोलत होता की मलाही क्षणभर बरं वाटलं. म्हणणं एवढंच, की टॅक्सचे ८,२०० रुपये आधी भरा, २५ लाख संध्याकाळी खात्यात जमा. नंबरची सुरुवात +९२ ने. म्हणजे पाकिस्तानचा कोड.

“काका, पण या लॉटरीचं तिकीट तुम्ही काढलंय का?”

“तेच आठवेना. एवढी तिकिटं काढतो मी, एखाद्यात नंबर गेला असेल.”

म्हणजे बघा, जो माणूस कधीच लॉटरी खेळत नाही तो हा मेसेज डिलीट करून मोकळा होतो. फसायची शक्यता जास्त आहे ती खरोखर तिकीट काढणाऱ्याची. काकांचे पैसे वाचले, कारण त्यांना ऑनलाइन पैसे पाठवता येत नाहीत आणि त्यासाठीच ते माझ्याकडे आले होते. पण नंतर चहा पिताना त्यांनी जे विचारलं त्याचं धड उत्तर मला देता आलं नाही. “मग खरी लॉटरी चालते कशी, ते तरी सांग.”

तर हा लेख त्या उत्तरासाठी.

आधी हे ठरवू, लॉटरी म्हणजे नक्की काय?

पुण्यात आपण लॉटरी हा शब्द कशालाही वापरतो. म्हाडाच्या घरांची लॉटरी, आरटीईच्या २५ टक्के जागांची शाळाप्रवेशाची लॉटरी, बायकांच्या भिशीतली चिठ्ठी. पण कायद्याच्या भाषेत लॉटरी व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात. तुम्ही पैसे लावले पाहिजेत, बक्षीस असलं पाहिजे, आणि ते कुणाला मिळणार हे निव्वळ नशिबावर ठरलं पाहिजे.

भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो आणि ज्याचे त्याला पैसे मिळतात. नशीब फक्त ‘आधी कुणाला’ एवढंच ठरवतं. म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत येते, आणि लागला तरी घराचे पैसे भरावेच लागतात. आरटीईत तर पालक काही लावतच नाही. या सगळ्या सोडती आहेत, जुगार नाहीत.

आता याउलट उदाहरण घ्या. एखादं मंडळ ५० रुपयांची कूपनं विकतं आणि पहिलं बक्षीस बाईक ठेवतं. ‘लकी ड्रॉ’ असं गोड नाव दिलं तरी पैसे आहेत, बक्षीस आहे, नशीब आहे. कायद्याच्या नजरेत ही लॉटरीच, आणि आपल्याकडे खासगी माणसाला मनाला येईल तशी लॉटरी चालवायची मोकळीक नाही. सरकारी नसलेल्या किंवा सरकारने परवानगी न दिलेल्या लॉटरीचं कार्यालय चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. आधी हेच कलम भारतीय दंड संहितेत २९४-अ म्हणून होतं.

एशियाटिकच्या पायऱ्या आणि लॉटरीचा पैसा

मुंबईतल्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर तुम्ही फोटो काढला असेल. तो टाऊन हॉल. एखादी भव्य इमारत हवी ही कल्पना १८११ मध्ये मुंबईचे रेकॉर्डर सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी मांडली. पैसे उभे करण्यासाठी लॉटरी काढली गेली, त्यातून १०,००० रुपये आले, ते पुरले नाहीत, काम रखडलं. शेवटी सरकारी कचेऱ्यांना जागा मिळेल या बोलीवर मुंबई सरकारने उरलेला भार उचलला आणि १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. कोलकात्यात तर शहरसुधारणेसाठी १८१७ मध्ये चक्क लॉटरी कमिटी होती. रस्ते आणि तलावांची कामं तिच्या पैशांतून झाली.

म्हणजे लॉटरीतून सार्वजनिक कामाला पैसा काढायची युक्ती आपल्याकडे दोनशे वर्षं जुनी आहे. कर लावला की लोक चिडतात, तिकीट विकलं की रांग लावतात. राज्यकर्त्यांना हे फार पूर्वी कळलंय.

स्वतंत्र भारतात घटनेने याची वाटणी विचित्र केली. ‘जुगार’ हा विषय राज्यांच्या यादीत, क्रमांक ३४. पण ‘केंद्राने किंवा राज्यांनी चालवलेली लॉटरी’ हा विषय केंद्राच्या यादीत, क्रमांक ४०. म्हणजे लॉटरी राज्य चालवणार, आणि तिचे नियम दिल्ली करणार.

या गोष्टीत मुंबईचा आणखी एक मोठा खटला आहे. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कंपनी वर्तमानपत्रातून शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालवायची. पेपर निघायचा बंगळुरूहून, पण कूपनं भरून पैसे पाठवणारे पुष्कळ लोक मुंबई राज्यातले. मुंबई सरकारने त्यावर कर लावला. कंपनी म्हणाली, हा आमचा व्यवसाय, आणि व्यवसाय करणं हा मूलभूत हक्क. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाहीच. आज ऑनलाइन गेमिंगच्या प्रत्येक खटल्यात हा निकाल काढला जातो.

मटक्याला उतारा म्हणून आलेली लॉटरी

महाराष्ट्र राज्य लॉटरीची सुरुवात १२ एप्रिल १९६९ ची. का सुरू झाली हे समजायला त्याआधीची मुंबई डोळ्यासमोर आणावी लागते.

न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये कापसाचा भाव उघडताना किती आणि बंद होताना किती, हे आकडे तारेने मुंबईत यायचे आणि त्यावर गिरणगावात पैसे लागायचे. ओपन आणि क्लोज हे मटक्याचे शब्द तिथून आले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हे आकडे येणं बंद झालं. धंदा बंद पडायला हवा होता, पण कल्याणजी भगत आणि त्यांच्यामागून रतन खत्री यांनी आकडे स्वतःच काढायला सुरुवात केली. चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायच्या, म्हणून मटका. पुढे मडकं गेलं आणि पत्ते आले, नाव मात्र राहिलं. शून्य ते नऊ यांतला एक आकडा, चार आणेसुद्धा लावता येतात, घरी येऊन पैसे घेणारा माणूस. गिरणी कामगाराचा पगार कुठे जातोय हे सरकारला दिसत होतं, आणि तो कर न देता जातोय हेही.

त्याच सुमाराला केरळने रस्ता दाखवला. १९६७ मध्ये तिथल्या सरकारने खासगी लॉटऱ्या बंद करून स्वतःची सुरू केली. तिकीट एक रुपया, पहिलं बक्षीस ५०,००० रुपये, पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ ला. सव्वा वर्षाच्या आत महाराष्ट्राने तेच केलं. लोक नशिबावर पैसे लावणारच असतील तर ते फसवणूक न होता लावावेत आणि उरलेला पैसा राज्याच्या तिजोरीत यावा, असा तो युक्तिवाद.

मटका थांबला का? नाही. खत्रींचा मटका त्यानंतर जास्तच वाढला. माझं मत विचाराल तर सरकारने औषध दिलं, पण रोग वेगळा होता. मटक्यात उधारी चालायची, निकाल रोज लागायचा आणि एका आकड्यात काम व्हायचं. सरकारी लॉटरीत यातलं एकही नव्हतं.

नव्वदच्या दशकात मात्र काही राज्यांच्या नावाखाली नेमका तोच प्रकार सुरू झाला. ‘सिंगल डिजिट’ लॉटरी, दिवसातून अनेक सोडती. सरकारी छाप असलेला मटकाच म्हणा. घरं बसली. मग केंद्राने १९९८ चा लॉटरी नियमन कायदा आणला, आणि त्यातल्या अटी वाचल्या की प्रत्येक अटीमागे कुठला घोटाळा असेल ते कळतं. एका आकड्यावर किंवा आधी जाहीर केलेल्या नंबरावर बक्षीस देता येणार नाही. तिकिटं राज्य सरकारनेच छापायची, त्यावर सरकारचं नाव आणि बोधचिन्ह हवं. सोडत सरकारनेच काढायची, आणि ती त्याच राज्यात. एका लॉटरीची आठवड्यात एकापेक्षा जास्त सोडत नाही. वर्षाला बंपर जास्तीत जास्त सहा. विक्रीचे पैसे राज्याच्या खात्यात. मुदतीत कुणी नेलं नाही तर ते बक्षीस सरकारचं.

याच कायद्याने राज्यांना दुसऱ्या राज्यांच्या लॉटऱ्या आपल्या हद्दीत बंद करायचा अधिकार दिला. तमिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकने २००७ मध्ये लॉटरी बंदच करून टाकली. त्यामुळे कोल्हापुरात उघड विकलं जाणारं तिकीट निपाणीला पोचलं की बेकायदा होतं. मध्ये अंतर किती, तर तासाभराचं. आपल्याकडे मात्र स्टॉलवर महाराष्ट्राच्या शेजारी गोव्याची ‘राजश्री’ आणि ईशान्येकडच्या राज्यांची तिकिटंही दिसतात.

नागालँड-सिक्कीमची तिकिटं इथे येतात कशी? राज्य सरकार नाव देतं, विक्री मोठे वितरक करतात. हा धंदा केवढा आहे याचा अंदाज २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांची यादी बाहेर आली तेव्हा आला. सगळ्यात जास्त रोखे घेणारी कंपनी कुणी स्टील किंवा सिमेंटवाली नव्हती. ती होती लॉटरी वितरक सँटियागो मार्टिन यांची फ्युचर गेमिंग. रक्कम १,३६८ कोटी रुपये.

१०० रुपयांच्या तिकिटातले पैसे जातात कुठे?

काकांना यातच सगळ्यात जास्त रस होता.

तिकिटावर १०० रुपये किंमत छापलेली असेल तर त्यात जीएसटी धरलेला असतो. २०२० पासून लॉटरीवर सरसकट २८ टक्के कर होता. (जीएसटी परिषदेत सगळे निर्णय एकमताने व्हायचे. पहिल्यांदा मतदान घ्यावं लागलं ते डिसेंबर २०१९ मध्ये, आणि विषय होता लॉटरीवरचा कर. २१ विरुद्ध ७.) २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे १०० रुपयांच्या तिकिटातले २८ रुपये ५७ पैसे सुरुवातीलाच करात गेले. उरले ७१ रुपये ४३ पैसे. त्यातून विक्रेत्याचं कमिशन, वितरकाचा वाटा, छपाई, जाहिरात, राज्याचा नफा, आणि मग बक्षिसं. समजा ७१ पैकी ५० रुपये बक्षिसांना ठेवले, तर प्रत्येक १०० रुपयांमागे ‘सरासरी’ ५० परत येणार. ही सरासरीही फसवी, कारण ती एकाला लाखो आणि हजारोंना शून्य मिळून बनलेली असते.

बक्षीस लागल्यावर दुसरा कर, उत्पन्नावरचा. १०,००० रुपयांच्या वर बक्षीस असेल तर ३० टक्के कापूनच पैसे मिळतात. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पगारावर जशी ठरावीक रकमेपर्यंत सूट असते तशी लॉटरीच्या पैशाला नाही. घरी बसलेल्या, कमाई शून्य असलेल्या आजीला एक लाख लागले तरी ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. आणि मोठ्या बक्षिसावर अधिभार वेगळा. एक कोटी लागले, बाकी उत्पन्न काही नाही, असं धरू. कापले जाणार ३० लाख. पण एकूण कर होतो ३४ लाख ३२ हजार. उरलेले ४ लाख ३२ हजार तुम्ही स्वतःहून भरायचे असतात. तोवर बंगल्याचा ॲडव्हान्स देऊन झालेला असतो!

खरं उदाहरण केरळचं. २०२२ च्या ओणम बंपरचं पहिलं बक्षीस २५ कोटी, तिकीट ५०० रुपयांचं. ते तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागलं. तिथल्या पद्धतीनुसार १० टक्के, म्हणजे अडीच कोटी, तिकीट विकणाऱ्या एजंटचे. राहिलेल्या साडेबावीस कोटींवर ३० टक्के, त्यावर तेव्हाचा ३७ टक्के अधिभार, त्यावर उपकर. हातात साधारण १२ कोटी ८८ लाख. निम्म्याच्या आसपास. आणि काही दिवसांतच त्या माणसाने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मदत मागणाऱ्यांच्या गर्दीमुळे घरात राहता येत नाही, एवढं मोठं बक्षीस लागलं नसतं तर बरं.

नंबर निघतो कसा, आणि त्यात गडबड होते का?

महाराष्ट्राच्या सोडती नवी मुंबईत वाशीला निघतात. आपली पारंपरिक पद्धत कागदी तिकिटांची. मालिका आणि नंबर आधीच छापलेले असतात, बक्षिसांची संख्या आणि रक्कम आधीच ठरलेली असते. पंचांसमोर यंत्राची चक्रं फिरतात आणि एकेक आकडा थांबतो. पहिल्या बक्षिसाला मालिकेसकट पूर्ण नंबर जुळावा लागतो, लहान बक्षिसांना शेवटचे चार आकडे पुरतात. शेवटचे चार आकडे म्हणजे ०००० ते ९९९९, एकूण १०,००० शक्यता. आणि ‘एका आकड्याने हुकलं’ ही हळहळ? शेवटचा आकडा चुकला काय आणि चारही चुकले काय, यंत्राला फरक पडत नाही. पण पुढचं तिकीट त्या हळहळीवरच विकलं जातं.

विकलं न गेलेलं तिकीटच नंबरात आलं तर? म्हणून काही बंपरच्या जाहिरातीत ‘पहिलं बक्षीस विकल्या गेलेल्या तिकिटांतूनच’ असं ठळक लिहिलेलं असतं. ते वाचून घेत जा.

अमेरिकेत पद्धत वेगळी. तिथे नंबर खेळणारा स्वतः निवडतो. पॉवरबॉलमध्ये ६९ पैकी ५ आणि वेगळ्या २६ पैकी १. सगळे बरोबर यायची शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती. म्हणजे अडीच महाराष्ट्रांतून एक नाव काढायचं आणि ते तुमचं निघायचं. गंमत अशी की २०१५ पर्यंत हे प्रमाण साडेसतरा कोटींत एक होतं. मुद्दाम अवघड केलं गेलं. कारण कुणालाच लागलं नाही की रक्कम पुढच्या सोडतीत जाते, आकडा फुगतो, बातम्या होतात आणि तिकिटांना रांगा लागतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये हा आकडा २०४ कोटी डॉलरवर गेला. तोही २९ वर्षांत हप्त्यांनी घेतला तर. एकरकमी हवेत तर ९९ कोटी ७६ लाख डॉलर. हेडलाइनमध्ये कायम मोठा आकडा छापतात.

गडबडीचं विचाराल, तर दोन किस्से सांगते. २४ एप्रिल १९८० ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नंबर आला ६६६. सोडत टीव्हीवर दाखवली जायची, हवेच्या झोताने चेंडू वर येत. नंतर कळलं की ४ आणि ६ सोडून बाकी चेंडूंमध्ये रंग भरून ते जड केले होते. कटात कार्यक्रमाचा सूत्रसंचालकच होता.

पुढे चेंडू गेले आणि कॉम्प्युटर आला. एडी टिप्टन हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या सामाईक लॉटरी संस्थेत माहिती सुरक्षेचा प्रमुख. ज्याने कुलूप सांभाळायचं त्यानेच नंबर काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या. वर्षातल्या ठरावीक दिवशी सोडत आली तर कुठले नंबर येऊ शकतात हे त्याला आधी कळायचं. डिसेंबर २०१० मध्ये त्याने आयोवातल्या एका पेट्रोल पंपावर टोपी डोक्यावर ओढून तिकीट घेतलं. बक्षीस १ कोटी ६५ लाख डॉलर. वर्षभर कुणी न्यायला आलं नाही. मुदत संपायला काही तास असताना बेलीझ देशातल्या एका ट्रस्टच्या नावाने वकील हजर झाला. आयोवाचा नियम असा की बक्षीस घेणाऱ्याने ओळख सांगितली पाहिजे. ट्रस्टला ते जमेना. मग २०१४ मध्ये पंपाचं सीसीटीव्ही फुटेज जाहीर केलं आणि सहकाऱ्यांनी आवाज ओळखला. शिक्षा २५ वर्षांपर्यंतची.

नाव-गाव सांगायला लावणारा एक कंटाळवाणा नियम नसता, तर तो सुटला असता.

गाव मिळून तिकीट काढतं तेव्हा

सगळ्याच देशांत लॉटरी एकट्याने खेळायची गोष्ट नाही. स्पेनची नाताळची लॉटरी १८१२ पासून चालू आहे. दर २२ डिसेंबरला माद्रिदमध्ये सान इल्देफोन्सो शाळेची मुलं नंबर आणि बक्षीस गाऊन सांगतात. एका भांड्यात एक लाख लाकडी गोळ्या, दुसऱ्यात १,८०७ बक्षिसांच्या. गाणं तासन्तास चालतं. पूर्ण तिकीट २०० युरोचं, म्हणून त्याचे दहा तुकडे विकतात आणि ऑफिसं, बार, मंडळं एकच नंबर वाटून घेतात. जमा रकमेतले ७० टक्के बक्षिसांना जातात. २०११ मध्ये सोदेतो नावाच्या ७० घरांच्या गावाने असाच एक नंबर वाटून घेतला आणि पहिलं बक्षीस लागलं. जवळपास प्रत्येक घराला. राहिलं फक्त एक घर, तिकीट विकणाऱ्या बायका तिथे जायला विसरल्या होत्या.

ब्रिटनमध्ये १९९४ ला राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली. सरकार फक्त परवाना देतं, चालवते खासगी कंपनी, आणि ठरावीक हिस्सा समाजोपयोगी कामांना जातो. १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं होतं. त्यानंतर लॉटरीचा पैसा खेळाडूंच्या तयारीला लागला. लंडन २०१२ मध्ये सुवर्णपदकं २९. बक्षिसावर तिथे कर नाही.

केरळने २०११ मध्ये ‘कारुण्य’ लॉटरी काढून तिचा पैसा गरिबांच्या उपचारांना जोडला. तिकीट काढणाऱ्याला निदान सांगता येतं की माझे पैसे डायलिसिसला गेले. महाराष्ट्राच्या तिकिटाचे पैसे राज्याच्या तिजोरीत जातात, पुढे कुठे ते तिकीट काढणाऱ्याला दिसत नाही. हे दिसायला हवं असं मला वाटतं.

आणि आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांना ठाऊक असलेली दुबई ड्युटी फ्रीची सोडत. १,००० दिरहमचं तिकीट, फक्त ५,००० तिकिटं, बक्षीस १० लाख डॉलर, म्हणजे साधारण ३६ लाख ७० हजार दिरहम. जमा होतात ५० लाख. पाच हजारांत एक ही शक्यता पॉवरबॉलपुढे स्वर्ग, पण तिकीट महाग.

इथे एक सावधगिरी. तिथे राहणाऱ्याने तिथे तिकीट घेणं वेगळं. भारतात बसून परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांनी बंदी आहे. इन्स्टाग्रामवर ‘घरबसल्या पॉवरबॉल खेळा’ अशी रील दिसली तर हे लक्षात ठेवा.

आता काकांच्या मेसेजकडे

वरचं सगळं वाचल्यावर त्या मेसेजमध्ये काय काय चुकलंय ते दिसतं. भारतात लॉटरी फक्त राज्य सरकार चालवू शकतं, टीव्ही शो किंवा मोबाईल कंपनी नाही. छापील तिकीट नाही म्हणजे दाखवायला काही नाही. आणि मुख्य म्हणजे कर बक्षिसातून कापला जातो, तो आधी कुणी मागत नाही. ८,२०० भरले असते तर दुसऱ्या दिवशी ‘बँक चार्ज’चे १५,००० आले असते, मग ‘आरबीआय क्लिअरन्स’. गेलेले पैसे परत मिळवायच्या नादात माणूस पुढचे भरत जातो. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने अशा ‘२५ लाखांच्या लकी ड्रॉ’ मेसेजबद्दल अनेकदा इशारा दिलाय. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करायचा. पहिल्या काही तासांत रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आणि खरंच लागलं तर? तिकिटाच्या मागे लगेच नाव, पत्ता, सही. कारण तिकीट ज्याच्या हातात, बक्षिसावर दावा त्याचा. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून ठेवा. निकाल स्टॉलवाल्याच्या तोंडून नको, लॉटरी खात्याच्या वेबसाइटवर स्वतः पाहा. आणि तिकिटाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका, नंबर दिसला की बनावट तिकीट करणाऱ्याचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असतं. मोठं बक्षीस असेल तर मूळ तिकीट, पॅन आणि बँकेचे तपशील घेऊन मुदतीच्या आत लॉटरी कार्यालयात.

काकांना आता निकालाची पीडीएफ मोबाईलवर उघडायला जमते. परवा त्यांचं तिकीट घेऊन आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. शेवटचे चार आकडे निघाले ६१३८. काकांचे ६१३९.

“हुकलं बघ एका आकड्याने,” काका म्हणाले.

मी यंत्राला फरक पडत नाही वगैरे सांगायला लागले, तोवर त्यांनी चप्पल घातली होती. स्टॉल नऊला बंद होतो.